केसरीनाथच्या घरचा माणूस

१ जानेवारी १९९४

ही डायरी माझी नाही. पहिल्या पानावर यांचं नाव आहे, केसरीनाथ, आणि ते सुद्धा मोत्यासारख्या अक्षरात. निजामपुऱ्यातले सुताचे व्यापारी दाऊदशेठ दर वर्षी यांना डायरी पाठवायचे. हे नारपोलीला लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, फिटर होते. रुसलेला लूम यांनी हात लावला की चालू व्हायचा, म्हणून शेठची मर्जी. यांना जाऊन दीड वर्ष झालं. मागच्या वर्षी आलेली डायरी मी न उघडता ट्रंकेत टाकली. यंदा शेठची मुलगी सालेहा स्वतः घेऊन आली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवते. मी इथे अंजूरला बालवाडी चालवते. एका शिबिरात आमची गट्टी जमली.

"अगं, माणूस गेला. आता डायरी कशाला?" मी म्हटलं.

"कमळताई, नाव काढून टाकायला मेरा हात नहीं उठा. तुम्हीच लिहा ना. नाहीतरी दिवसभर स्वतःशीच बोलता."

खरं आहे. घरात दुसरं आहे कोण? एक मांजर आहे, पण ती जेवणापुरती बोलते.

१६ जानेवारी

आज बांधावरून चक्कर मारली. आमचं गाव खाडीच्या कडेला. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून वाडवडलांनी चिखलाचा बांध घातला. उधाणात तो फुटतो, त्याला आम्ही खांड पडली म्हणतो. मग काळूराम गल्लीगल्लीतून हाळी देत फिरतो, "घरटी माणूस या रं!" बांधाच्या आत ज्याची जमीन, त्या प्रत्येक घरातून एक माणूस यायचाच. खांड बुजली की शेतात अडकलेली मासळी वाटून घ्यायची, ज्या घरचा माणूस आला त्या घराला एक वाटा.

हे होते तेव्हा काळूराम आमच्या दारात मुद्दाम थांबून ओरडायचा. आता माझ्या दारावरून तोंड मिटून जातो. पुढच्या दाराशी गेला की परत हाळी सुरू. बाईचं घर, त्याला माफी. आणि वर मासळीचा वाटा मात्र आणून देतो, "गावाचा वाटा हाय, घे." भिकेसारखा. मी तो मांजरीला घालते. मांजर चांगली गुटगुटीत झाली आहे.

लोकांना वाटतं माफी म्हणजे मेहेरबानी. मला तसं वाटत नाही. ज्या घराला हाक नाही ते घर गावात नाही. जमीन आहे, चूल पेटते, दारात रांगोळी असते, तरी नाही.

भिंतीपलीकडे धाकटे दीर लडकूभाऊजी आणि जाऊ पार्वती राहतात. त्यांनी बांधालगतचा त्यांचा तुकडा गोडाऊनवाल्याला विकला. यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं. हे शेवटपर्यंत म्हणत होते, लडकू, खाऱ्या पाण्याची जमीन आहे, विकलीस तर परत नाही यायची. आता तिथे मुरमाचा भराव आणि पत्र्याची भिंत. तेव्हापासून मी भाऊजींशी बोलत नाही. ते तर असेही बोलणाऱ्यातले नव्हेत, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

आज इतकं काम झालं की हात लेखणी धरायला तयार नाहीत. पण लिहिणार. कोणाला तरी सांगायला हवं.

बांध फुटतो तो जिथले तिवर सरपणासाठी तोडले तिथेच फुटतो, हे मला उशिरा कळलं. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारं झाड. त्याची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात, अशी सालेहाने माहिती दिली. मी म्हटलं, आमच्या सासूबाईंसारखी, सगळीकडे डोकं वर. गेल्या श्रावणात गळलेलं बी गोळा करून मी बांधाच्या बाहेरच्या अंगाला लावलं, थोडं परसात दुधाच्या पिशव्यांमध्ये रुजवलं. आता मेलेल्यांच्या जागी परसातली रोपं लावायची होती. सध्या भांग आहे, म्हणजे पाणी फारसं चढत नाही आणि बांधाजवळचा चिखल दिवसभर उघडा असतो.

सकाळी भाकरी बांधून घेतली आणि टोपल्यात रोपं भरून निघाले. पहिल्यांदा साफसफाई. खाडी काय काय आणून टाकते! प्लास्टिक, फुटकी चप्पल, लूमवरच्या सुताचा गुंता. सुताचा गुंता रोपाच्या गळ्यात अडकला की भरतीच्या पाण्याबरोबर रोपाला उपटून नेतो. तो नखांनी सोडवत बसले. यांच्या हातचं सूतही असेल त्यात एखादं, असं उगीच मनात आलं, आणि मग जरा हळू सोडवलं.

मग खड्डे. गुडघाभर चिखलात एक पाय काढावा तर दुसरा रुतावा. माझ्याभोवती निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. मासा असून चिखलावर चालते ही निवटी, डोळे कपाळावर, आणि बघते अशी की जणू आपण तिच्या ओटीवर न विचारता आलोय. लाल खेकड्यांचं एक नुसतंच चाललेलं, एक नांगी वर खाली, वर खाली, या या म्हणून. हाक मारतात मेले आणि जवळ गेलं की बिळात पळतात. आमच्या गावकऱ्यांपेक्षा बरे, निदान हाक तरी मारतात.

दुपारी बांधावर बसून भाकरी खाल्ली. पाणी सरकलं तसे पक्षी उतरले. लांब वाकड्या चोचीचे कुरव, चिखलात चोच मुळापर्यंत घालून किडे ओढत होते. बारक्या तुताऱ्यांचा एक थवा उठला, वळला आणि सगळ्यांची पोटं एकदम पांढरी चमकली. मी "अहो, ते बघा" म्हणून बाजूला वळले.

बाजूला टोपलं होतं.

एक खंड्या पडक्या खांबावर येऊन बसला, मासा मारून गेला, परत आला. त्याचं बरं आहे, तो एकटाच राहतो आणि त्याला कोणी विचारत नाही की बाई, तुमचं कसं चाललंय.

एक नवल दिसलं. काही रोपांभोवती बाभळीच्या काट्या रोवलेल्या होत्या, शेळ्यांनी तोंड घालू नये अशा. मी तर नव्हत्या रोवल्या. वाऱ्यापाण्याने वाहत येऊन अडकल्या असतील. देव कधी कधी काम करतो म्हणायचा.

संध्याकाळी घरी आले, अंग धुतलं तरी चिखलाचा वास जात नाही. मला तो आवडतो. दाराशी टोपलीखाली चिंबोऱ्या ठेवलेल्या, नांग्या बांधून. बालवाडीतल्या कुठल्या तरी पोराच्या आईने ठेवल्या असणार. नाव सांगायची लाज वाटते बायकांना. रस्सा केला. एकटीसाठी केलेला रस्सा नेहमी उरतो.

१७ एप्रिल

आज मी जे केलं ते यांना फार आवडलं असतं.

सकाळी बांधावर गेले तर माझ्या रोपांच्या पलीकडे, अगदी पाण्याच्या कडेने, बांबूच्या खुंट्या! ओळीने ठोकलेल्या, वर चिंध्या फडफडतायत. डोकंच फिरलं. आमच्याकडे खुंटी आणि चिंधी दिसली की समजायचं, मोजणी झाली, आता भराव येणार. आधी शेतं गिळली, आता खाडीसुद्धा भरणार मेले!

मी पदर खोचला आणि एकेक खुंटी उपटली. चांगल्या खोल ठोकल्या होत्या, ठोकणाऱ्याने जीव तोडून काम केलं होतं. सगळ्या ओहोटीच्या पाण्यात सोडून दिल्या. जा म्हटलं, मुंबईला जाऊन गोडाऊन बांधा.

मजा म्हणजे या मोजणीवाल्यांनाही आमच्या गावची रीत कळायला लागली. खुंटीचं टोक चिरून त्यात चिंधी अडकवलेली, गाठ मारलेली नाही. मासळी वाळवायच्या काठ्या हे अशाच चिरायचे, त्यांच्या बापाने दोघा भावांना शिकवलेलं. आणि चिंधीही कसली, तर लुगड्याची. हिरवं, लाल काठाचं. कोणा गरीब बाईचं लुगडं फाडून खाडी मोजतात, निर्लज्ज.

परत येताना लडकूभाऊजी त्यांच्या दारात बांबूचा ढलपा काढत बसले होते. माझ्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघत राहिले. मी मान वळवून घरात आले. विकणाऱ्याला काय कळणार राखणाऱ्याचं!

२ मे

बालवाडीला सुट्टी. दिवस सरता सरत नाही. पलीकडे पार्वती पापड लाटते आहे, लाटण्याचा आवाज भिंतीतून येतो. पूर्वी आम्ही दोघी एकत्र लाटायचो. यंदा मी पापड केलेच नाहीत.

२६ मे

रोपं गेली.

पौर्णिमेच्या उधाणाला रेतीची होडी कडेकडेने आली असावी. तिच्या तळाचा चर चिखलात स्पष्ट दिसतो, आणि त्या चराखाली माझी रोपं. पोटरीएवढी झाली होती. पानांवर मीठ साचलेलं, मी जिभेने चाखून बघायचे. कडेची चार-दोन वाचली, बाकी सपाट.

होडीवाल्याचा तरी काय दोष? भरतीच्या पाण्यात बुडालेलं रोप त्याला दिसणार कसं? काहीतरी खूण हवी होती. माझ्या लक्षातच आलं नाही.

तिथेच बसून रडले. हे गेले तेव्हा लोक होते, नीट रडता आलं नव्हतं.

९ जुलै

अमावास्येच्या उधाणाला बांधाला छोटी खांड पडली. काळूराम हाळी देत आला. मी दाराच्या आत उभी राहिले, फावडं भिंतीला टेकवून. म्हटलं, आज तरी. तो माझ्या दारापाशी आला, गप्प झाला, पुढे गेला, ओरडला. हल्ली निम्म्या घरांनी जमिनी विकल्या, त्यांना यायचं कारण नाही. पोरं गोडाऊनला ड्युटीवर जातात. तरी माझ्यावाचून अडत नाही.

संध्याकाळी वाटा आला, केळीच्या पानात बोयटं. काळूराम म्हणाला, "कमळबाय, ताजी हाय. मांजरीला नको घालू."

"माझ्या वाट्याचं मी काय वाट्टेल ते करीन," मी म्हटलं. "कष्टाशिवायचं माझ्या घशाखाली उतरत नाही."

तो काहीतरी बोलणार होता, पण त्याने भिंतीपलीकडच्या दाराकडे पाहिलं आणि गेला. मांजरीने मात्र पोटभर खाल्लं.

२१ ऑगस्ट, रविवार. नारळी पौर्णिमा

सकाळी खाडीला नारळ दिला. दुपारच्या भरतीला बांध फुटला. माझी रोपं गेली होती तिथेच, नेमका तिथेच. छोटी खांड नाही, बैलगाडी जाईल एवढी. पाणी माझ्या भातात शिरलं. या बांधाआड पिकणारं शेत आता मोजक्याच घरांचं उरलं, त्यात पहिला तुकडा माझा. एक दोन भरत्या खारं पाणी उभं राहिलं तर भात जळेल आणि पुढे काही वर्षं तिथे गवत उगवणार नाही. मग गोडाऊनवाला येईलच, गोड बोलत. मग मी तरी काय उत्तर देणार?

काळूरामने हाळी दिली, उद्या पहाटेच्या ओहोटीला घरटी माणूस. माझ्या दाराशी गप्प.

बस्स झालं. उद्या मी जाणार. हाक असो नसो.

२२ ऑगस्ट

सगळं नीट, क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

उजाडायच्या सुमारास घमेलं घेऊन बांधावर पोचले. जमलेली माणसं किती थोडी! एके काळी जत्रेसारखी गर्दी असायची. मी मागे, तिवराच्या झुडपाआड उभी राहिले. ठरवून आले होते की पुढे होऊन भांडायचं, पण पाय पुढे होईनात. काळूराम रीतीप्रमाणे घरांची नावं पुकारत होता, ज्या घरचा आला तो "हाय" म्हणायचा.

"रामनाथच्या घरचा?"

"हाय!"

"चिंधूच्या घरचा?"

"हाय!"

"केसरीनाथच्या घरचा?"

माझ्या हातून घमेलं सुटलं. यांचं नाव मोठ्याने उच्चारलेलं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. आणि कसं, सगळ्यांच्या नावासारखं, न अडखळता. वाटलं, हे खालून ओ देतील.

खालून ओ आलीच.

"हाय."

खांडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस खुंट ठोकत होता, पाठमोरा. लडकूभाऊजी.

मी काळूरामला गाठलं. "हे काय? आमच्या घराला तर माफी ना?"

"कसली माफी? आपल्या गावान माफी कोनाला हाय? लडकूच्या घराचा नाव ग्येला, त्यानं जमीन इकली ना. त्याला यायचा कारन न्हाय. तो येतो तो तुझ्या घरचा मानूस म्हनून. गेल्या सालापासून दर खांडीला येतो."

"आणि माझ्या दारात हाळी का देत नाहीस?"

"तुझ्या घरचा मानूस आधीच बांधावर ग्येलेला असतो. त्याला परत कशाला हाळी देऊ?"

"मग मला सांगितलं का नाहीस, मेल्या?"

"त्यानंच शपथ घातली. बोलला, वहिनीला कळला तर वाटा फेकून देईल." काळूरामने डोकं खाजवलं. "तू तसापन मांजरीलाच घातलास."

उभ्या जागी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. गेलं सालभर ती मांजर माझ्या दिराच्या घामाचं खात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी वर्षभर काखेत आवळून गावाला शिव्या देत होते.

खाली उतरले. चिखल कमरेला लागला. भाऊजी एका हाताने खुंट धरून दुसऱ्या हाताने मोगरी मारत होते, खुंट हलत होता.

"भाऊजी, सरका. मी धरते."

त्यांनी मोगरी खाली केली. एवढ्या दिवसांनी पहिले शब्द, आणि ते असले! मी खुंट दोन्ही हातांनी धरला आणि त्यांनी ठोकला.

वरून काळूराम ओरडला, "आरं, केसरीनाथच्या घरचं दोन झालं! कुनाचा नाव लावू?"

"घराचं लाव," भाऊजी म्हणाले. त्यांच्या हिशोबाने ते भाषणच झालं.

मग भरती यायच्या आत पेंढा, मातीच्या गोण्या, चिखलाचे गोळे, हातोहात. पाणी चढत आलं तेव्हा खांड बुजली होती. बांध टिकेल? या साली टिकेल. पुढच्या साली हाळीला किती घरं उरतील कोण जाणे. पण भात वाचला.

मध्ये श्वास घ्यायला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "इथेच माझी रोपं होती. एप्रिलात गोडाऊनवाल्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या, त्या सगळ्या मी उपटून टाकल्या. पण रोपं काही वाचली नाहीत, होडीने चिरडली."

भाऊजी पाण्याकडे बघत होते. "बरा केलास, वहिनी," म्हणाले.

मासळीचा वाटा आज मी हाताने घेतला. बोयटं तळली आणि अर्धी ताटलीत घालून पलीकडे गेले. पार्वतीने दार उघडलं आणि पाट मांडला. मांजर माझ्या पायात घुटमळत होती. तिला डोकी दिली.

२८ ऑगस्ट

आज परत लागवड. तिवराचं बी गळायला लागलं आहे, बदामाएवढ्या हिरव्या फळातून आपोआप फुटतं आणि कोंब काढतं. सालेहाही आली, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून. दोन पावलांत एक चप्पल चिखलाने गिळली. "कमळताई, ये तो दलदल है!" म्हणत हसत राहिली, मग दुसरी चप्पल तिने स्वतःच काढून बांधावर फेकली. तुताऱ्या अजून परतल्या नाहीत, परदेशातून यायला त्यांना थोडा वेळ आहे. निवट्या आहेत. बघतात तशाच.

दुपारी सालेहा गेली आणि आम्ही तिघं, मी, भाऊजी आणि पार्वती, उरलो. मी म्हटलं, "यंदा होडीवाल्याला दिसेल अशी काहीतरी खूण हवी."

भाऊजी म्हणाले, "हाय ना." आणि बांधावर बसून त्यांनी बांबू घेतला. कोयत्याने कापला, टोकाशी चीर पाडली. पार्वतीने पिशवीतून जुनं लुगडं काढलं आणि टर्रकन फाडलं. चिंधी चिरेत बसवली. गाठ मारली नाही.

हिरवं लुगडं. लाल काठ.

मी बघत राहिले. पाणी हळूहळू मागे सरत होतं आणि चिखल उघडा पडत होता. बाभळीच्या काट्या, नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या, सगळं एकामागून एक आठवत गेलं. माझ्या हाताला त्या खुंट्या उपटतानाचा जोर आठवला. किती खोल ठोकल्या होत्या.

शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, जरा जास्त काढा. मागच्या खेपेपेक्षा जास्त लागतील."

त्यांनी मान वर केली नाही. पुढचा बांबू घेतला, चीर पाडली.

"या खेपेला कोनी उपटल्या न्हाय," ते म्हणाले, "तर पुरतील."

पार्वतीने तोंडाला पदर लावला, तरी तिचं हसू ऐकू आलं. मलाही हसू आलं. मग खाली वाकले, पहिली खुंटी हातात घेतली आणि जागा बघून चिखलात रोवली.